'स्पॅनिश आर्माडा' की 'स्पॅनिश आरमार'?

१५८८ सालच्या इंग्लंड-स्पेन नाविक लढाईविषयी कोणी 'स्पॅनिश आर्माडा' लिहितो, कोणी 'स्पॅनिश आरमार'. यांतले योग्य कोणते, आणि आर्माडा हे एखाद्या जहाजाचे नाव होते का, असा प्रश्न आहे.

ते जहाजाचे नाव नव्हे. स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन्ही भाषांत 'आर्मादा' म्हणजे लढाऊ जहाजांचा समूह. पोर्तुगीजांकडून हाच शब्द मराठीत येऊन 'आरमार' झाला. 'आर्माडा'तला ड मात्र इंग्रजी वळणाचा आहे. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता 'स्पॅनिश आरमार' चूक म्हणता येणार नाही.

अडचण अर्थाची आहे. मराठीत आरमार म्हटले की राज्याचे कायमचे सागरी दळ डोळ्यांसमोर येते. आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीवरच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र राज्यांगच म्हटले आहे. लिस्बनहून निघाला तो एका मोहिमेपुरता जमवलेला सुमारे १३० जहाजांचा ताफा होता आणि त्यात गॅलियन म्हणजे तोफांच्या मोठ्या लढाऊ जहाजांबरोबर व्यापारी जहाजेही होती. १५८० पासून पोर्तुगालही स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या ताब्यात असल्यामुळे सेनापती मेदिना सिदोनिया ज्या 'सान मार्तिन'वर होता, ते जहाजही मूळचे पोर्तुगीजच. फ्लँडर्समधील (आजच्या बेल्जियमच्या भागातील) स्पेनचा सेनानी पार्माचा ड्यूक याच्या फौजेला इंग्लंडमध्ये उतरवण्यासाठी संरक्षण देणे, हे या ताफ्याचे काम. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले बंदरापाशी तो नांगरून असताना ७ ऑगस्टच्या रात्री इंग्रजांनी आठ जहाजे पेटवून वाऱ्याबरोबर त्याच्यावर सोडली, तेव्हा नांगर उचलायलाही सवड न मिळाल्याने बहुतेकांनी दोर तोडून वाट फुटेल तिकडे जहाजे हाकली, आणि दुसऱ्या दिवशी कॅलेजवळच्या ग्राव्हलिनसमोर इंग्रजी तोफांनी त्यांना गाठले. (इंग्लंडने ग्रेगोरियन दिनदर्शिका तोवर स्वीकारली नसल्यामुळे इंग्रजी साधनांत या तारखा दहा दिवस मागे दिसतात.) पुढे स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून परतताना वादळांनी जे नुकसान केले, ते लढाईतल्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे होते.

म्हणूनच 'स्पेनचे आरमार नष्ट झाले' हे वाक्य मला खटकते. फिलिपने १५९६ व १५९७ मध्ये इंग्लंडच्या दिशेने पुन्हा ताफे धाडले होते. १५८८च्या मोहिमेला विशेषनाम म्हणून 'स्पॅनिश आर्माडा' लिहावे, जहाजांविषयी बोलताना 'ताफा' म्हणावे, आणि 'स्पेनचे आरमार' हा प्रयोग त्या राज्याच्या एकूण नाविक दळासाठी राखावा. लिंगाचे म्हणाल तर आरमार नपुंसकलिंगी. आर्माडा मात्र ताफ्याप्रमाणे पुल्लिंगी चालवावा.