उताराच्या शेताच्या तळाला एक मोठा बांध घातला तर माती वाहून जायची थांबेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार एकर कोरडवाहू रान, लांबट पट्टा, रस्त्यापासून खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेला. खरिपात सोयाबीन-तूर, काही भागात रब्बी ज्वारी. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडत चाललाय, मध्ये दरसाल ओघळी पडतात. जेसीबीवाला म्हणतो, तळाला पाच फुटी बांध टाकू, विषय संपला. टाकावा का?

नका टाकू. निदान सुरुवात तिथून करू नका. मी तो उद्योग करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आमचं रान बार्शी तालुक्यात, मध्यम ते भारी काळी जमीन. २०१९ च्या उन्हाळ्यात मी तळाला चार फुटी बांध घालून घेतला. सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढायची वाट, ठेवला नाही. दगडाचा खर्च नको आणि गुंठाभर जागा अडकायला नको, एवढाच हिशेब. बांधाला माती कुठली? आमच्याच शेताची, वरची, मशीनने खरवडून आणलेली. माती वाचवायला निघालो होतो आणि पहिल्याच दिवशी चांगली माती बांधात गाडली, हे तेव्हा कळलं नाही. पहिल्या पावसाळ्यात पाणी तुंबलं, फोटो काढून पाहुण्यांना पाठवले. बांधालगतच्या चार ओळींतलं सोयाबीन पिवळं पडलं तिकडे डोळेझाक केली.

पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आला. सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाही तो सांगायची गरज नाही. सकाळी जाऊन बघतो तर बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड आणि खाली चुलत्यांच्या नुकत्याच पेरलेल्या ज्वारीतून गुडघाभर खोल घळ. सहा महिने त्यांनी बोलणं टाकलं होतं. त्यांचं चुकलं नव्हतं.

आता हिशेब बघा, हा मी आधी करायला हवा होता. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. ५० मिलिमीटरची एक जोराची सर तुमच्या चार एकरावर आठ लाख लिटर टाकते. निम्मं मुरलं असं धरलं तरी चार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, तास-दोन तासांत तळाला येणार. रस्त्यापलीकडच्या रानातलं पाणीही तुमच्यात उतरत असेल तर ते वेगळंच. हे सगळं एका मातीच्या भिंतीला टेकवायचं म्हणजे तिच्यावर फारच भरवसा टाकल्यासारखं आहे. आणि समजा भिंत टिकली, तरी तुमची माती वरून सुटून खाली आलीच ना? शेतातच राहिली, पण वरच्या दोन एकरांत मुरूम आणि तळाला गाळ. पीक मुरमावर घ्यायचंय तुम्हाला.

माती सुटते ती पाणी वाहायला लागायच्याही आधी. टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने उघड्या ढेकळावर आदळतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण उडतात आणि जमिनीची भोकं बुजवतात. पाऊस उघडल्यावर रानावर जी पापडी धरते ना, ती हीच. पापडी धरली की मुरायचं थांबतं आणि वाहायचं सुरू होतं. काळ्या जमिनीचं आणखी एक आहे. उन्हाळ्यातल्या भेगा पहिला पाऊस घटाघट पितात, आपल्याला वाटतं जमीन किती पाणी घेते! एकदा फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन तासाला काही मिलिमीटरच्या वर पाणी घेत नाही. म्हणून आमच्याकडे जूनपेक्षा सप्टेंबरचा पाऊस जास्त माती नेतो.

एक गंमत करून बघा. जोराची सर चालू असताना तळातून वाहणाऱ्या पाण्याची एक लिटरची बाटली भरून घरी ठेवा, हलवू नका. सकाळी खाली जेवढा साका बसलेला दिसेल त्याला टँकरच्या हिशेबाने गुणा. मी बाटली देवळीत ठेवली होती, वडील दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघत होते, बोलले काहीच नाहीत. एका हेक्टरवरून एक मिलिमीटरचा थर गेला तर साधारण १३ टन माती जाते, आणि एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. देशभराची सरासरी १९८३ च्या एका प्रसिद्ध अंदाजात हेक्टरी १६ टनांच्या वर धरली होती, दरवर्षी.

तुमचं खरं दुखणं मला वाटतं वेगळंच आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात एका शब्दात सांगून टाकलंय: लांबट पट्टा. वाटण्या कशा झाल्या आपल्याकडे? प्रत्येक भावाला रस्ता लागला पाहिजे आणि ओढाही लागला पाहिजे. म्हणून शेत उताराला उभं चिरलं. तुमचे चार एकर समजा ५० मीटर रुंद असतील तर ३२० मीटर लांब भरतील. ट्रॅक्टरवाला काय करणार? तो लांबीनेच जाणार, पन्नास मीटरवर वळायला त्याला परवडत नाही. नांगरट उभी, पेरणी उभी, कोळपणी उभी. म्हणजे दरवर्षी आपणच पैसे देऊन रस्त्यापासून ओढ्यापर्यंत शेकडो पन्हाळी काढून घेतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि ३२० मीटर मोकळं सुटलेलं पाणी वेग धरणारच. जुन्या मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली गावोगाव समतल बांध, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषेवरचे आडवे बांध, पडले, आमच्या शिवारातही एक होता. तो वाटणीच्या हद्दीवर नव्हता, आडवा होता, म्हणून प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातला कोरून कोरून संपवला. बांध कोरायची आपली हौस तर तुम्हाला माहीतच आहे.

तर काय करायचं?

पहिलं म्हणजे उतार मोजा, अंदाजाने बोलू नका. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, दोन टोकं दोन काठ्यांना बांधा. उताराच्या दिशेने ३० मीटर अंतरावर धरून दोन्हीकडची पाण्याची उंची जमिनीपासून मोजा. फरक ६० सेंटीमीटर आला तर उतार दोन टक्के. त्याच नळीने समतल रेषाही आखता येते: दोन्हीकडची उंची सारखी येईल तिथे खुंटी ठोकत जायचं. दोघांना एका सकाळीत होतं. मधे जमीन वर-खाली असेल तर रेषा नागमोडी येते, ती येऊ द्या. फार वळणं पडली तर थोडी सरळ करा, शंभर टक्के समतल नसली तरी चालते.

आता या रेषेला धरून पेरा. ट्रॅक्टरवाला कुरकुरणार. मी पहिल्या वर्षी एकरी थोडे जास्त पैसे कबूल केले, आणि वरच्या एका एकरात चक्क बैलाची पाभर लावली. आडव्या पेरणीत प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची ओळ, हा छोटा बांधच असतो. फक्त एवढ्यानेही ओघळी निम्म्या दिसेनाशा झाल्या, हा माझ्या रानाचा अनुभव, आकडा नाही.

सोयाबीनला पट्टा पेर (काही ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडून) किंवा रुंद सरी वरंबा (रुंद गादीवर पीक, दोन्ही बाजूंना सरी), ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, ते चांगलंच. पण इथे एक चूक सर्रास होते. यंत्र आणलं, अनुदान घेतलं आणि सऱ्या पाडल्या उताराला उभ्या! दोन टक्के उतारावर उभी सरी म्हणजे तयार ओघळ. सरीला उतार हवा, पण अर्धा टक्क्याच्या आसपास, म्हणजे समतल रेषेपासून किंचित तिरपी. जास्तीचं पाणी रांगत गेलं पाहिजे, पळत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर हे मोजत आणलंय: एका बाजूला खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीत एकच पीक घ्यायची जुनी पद्धत, दुसऱ्या बाजूला रुंद वरंबे आणि दोन्ही हंगामात पीक. जुन्या पद्धतीत हेक्टरी सहा टनांवर माती जाते, सुधारलेल्या पद्धतीत दीड टनाच्या आसपास. यातला मोठा वाटा केवळ वरंब्याचा नाही असं माझं मत. पावसाच्या दिवसांत जमीन झाकलेली होती, हा आहे.

याच कारणाने तुमच्या रब्बी ज्वारीच्या तुकड्याची मला जास्त काळजी वाटते. जून ते सप्टेंबर ते रान कुळवून उघडं ठेवता ना? सगळ्यात जास्त माती तिथूनच जाते. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू संशोधन सुरू झालं, तेव्हापासून हाच प्रश्न तिथे चघळला जातोय, आणि तिथल्याच मुळेगावच्या संशोधन प्रक्षेत्रावरून आलेला उपाय साधा आहे: बंदिस्त वाफे. जून-जुलैत कुळवणी झाली की सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने उभे-आडवे फूटभर उंचीचे वरंबे टाकून वाफे पाडायचे. उतार एक टक्क्याच्या आत असेल तर सहा बाय सहा मीटरचा वाफा, उतार वाढेल तसा लहान. पडेल तो पाऊस ज्याच्या त्याच्या वाफ्यात. पेरणीच्या वेळी मोडून टाका. तेवढंही नको असेल तर हुलगा किंवा मटकी फेकून द्या, जमीन झाकली तरी पुष्कळ.

मग बांध. बांध नको असं मी म्हणत नाहीये. तळाला एक पाच फुटी नको, वाटेत कमी उंचीचे सात-आठ हवेत. दोन टक्के उताराला प्रचलित सूत्राने दोन बांधांत साधारण ४० मीटर अंतर येतं, तुमच्या ३२० मीटरला हिशेब करा. माती हलकी ते मध्यम असेल तर समतल बांध चालतात. भारी काळीत मात्र समतल बांध घालू नका, ढाळीचे घाला, म्हणजे पाणी हळूहळू एका कडेला निघून जाईल असा किंचित उतार दिलेले. भारी जमिनीत पाणी तुंबून पीक जातं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात. पहिलं मोठं पाणी त्या भेगेतून शिरतं आणि बांध आतून पोखरला जातो. माझा तसाच गेला असणार.

प्रत्येक बांधाला सांडवा. माथ्यापेक्षा फूटभर तरी खाली, दगडाने बांधलेला, आणि त्यातून पडणारं पाणी गवताळ जागेवर किंवा दगडावर पडेल असा. शेजाऱ्याच्या पेरणीत नाही.

मी आता बांधाऐवजी दोन ठिकाणी वाळ्याच्या आडव्या ओळी लावल्यात. पावसाळा लागल्यावर वीतभरापेक्षा कमी अंतराने ठोंब लावायचे, एकही फट ठेवायची नाही. जुना वाळा जनावरं खात नाहीत म्हणून तो टिकतो. वैरणही हवी असेल तर मारवेल गवत लावा, पण मग राखण आली. तिसऱ्या वर्षी ओळीच्या वरच्या अंगाला वीतभर माती साठलेली दिसली. ओळीतून पाणी गाळून जातं, तुंबत नाही, त्यामुळे फुटायचा प्रश्नच नाही. वैतागही आहे: ट्रॅक्टरवाला नांगराचा एक फाळ हमखास त्यात घालतो.

पडलेल्या ओघळी वरून खाली बुजवत या, खालून वर नाही. तुराट्या, दगड, जे असेल ते आडवं टाका, पण मधला भाग कडेपेक्षा खोलगट ठेवा. मधे उंच केलात तर पाणी बगलेने नवी वाट कोरतं. आणि सोयाबीनचं भुसकट पेटवू नका, विकूही नका जमलं तर. वरच्या मुरमाड तुकड्यावर पसरा.

सलग समतल चर खोदा असं कुणी सांगेल. ते पडीक माळाला, डोंगरउताराला. पिकाच्या रानात जेसीबीने चर मारले तर पहिली पाच वर्षं मुरूमच पिकवाल.

तुमच्या शेजाऱ्यांचे पट्टेही असेच उभे असतील. रेषा तिघा-चौघांच्या रानातून एकत्र गेली तर काम निम्म्याने सोपं होतं, निदान वरच्या माणसाशी बोलून रस्त्यापलीकडचं पाणी कडेच्या चरातून ओढ्याला काढता आलं तर बघा. हे पाणी वळवायचं काम बांधांच्या आधी करा, बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. उतार मोजून झाला की इथेच आकडा टाका, मातीची खोलीही कळवा, मग बांधांचं अंतर बघू. आणि नळी भरताना आत बुडबुडा राहिला नाही ना, हे दोनदा बघा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा बुडबुडा होता, आणि माझं शेत ओढ्याकडून रस्त्याकडे उतरतंय असं निघालं होतं.