लवादाचे कलम वाद होण्याआधी वाचा

अनेक वर्षे व्यापारी दावे चालवल्यानंतर आता मी मुख्यतः लवाद म्हणून काम करतो. वाचकांच्या पत्रांतला गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होतो, तो म्हणजे कराराच्या न वाचलेल्या शेवटच्या पानावर. खालील उत्तरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेला आणि २००६ मध्ये सुधारलेला नमुना कायदा आधार म्हणून घेतला आहे, कारण अनेक देशांचे लवादविषयक कायदे त्यावर बेतलेले आहेत. आपल्या देशाने त्यात काय बदल केले आहेत, हे मात्र प्रत्येकाने आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : लवाद आणि मध्यस्थ यांत फरक काय?

उत्तर : मध्यस्थ तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न करतो, लवाद निवाडा देतो आणि तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो.

प्रश्न : करार रद्द झाला की त्यातले लवादाचे कलमही संपते, असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : नाही. हे कलम उरलेल्या करारापासून स्वतंत्र मानले जाते.

प्रश्न : आमचा यंत्र-देखभालीचा करार आम्ही जुन्या एका करारावरून तयार केला. त्यात ‘वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवता येईल, सर्व वादांबाबत न्यायालयांचा अधिकार अबाधित राहील’ असे लिहिले आहे. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : पुरेसे नाही, आणि वाद उद्भवण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. ‘सोपवता येईल’ म्हणजे मुभा आहे, बंधन नाही, असा युक्तिवाद समोरचा वकील पहिल्याच दिवशी करील आणि पुढचे वाक्य त्याच्याच मदतीला येईल. मग मूळ पैशांचा प्रश्न बाजूला राहतो आणि तो कोणी सोडवायचा यावरच भांडण जुंपते.

माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणातला करार असाच उतरवून घेतलेला होता. चौदाव्या कलमात या व्यवहाराशी काहीही संबंध नसलेल्या तिसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेले होते, आणि लवाद नेमण्याचा अधिकार ज्या संस्थेला दिला होता, त्या नावाची संस्थाच अस्तित्वात नव्हती. वाद होता एका थकलेल्या हप्त्याचा. विक्रेत्याच्या हिशेबनिसाने माल पोचल्याची पावती तारीख, शिक्का आणि सहीसकट व्यवस्थित लावून ठेवली होती, आणि ती वाचायला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांपर्यंत पोचायला मात्र पक्षकारांना जवळजवळ एक वर्ष लागले, कारण तोवरचा सगळा काळ लवाद नेमायचा कोणी या वादात गेला.

म्हणून कलमात ‘सोपवला जाईल’ असे निःसंदिग्ध लिहा. लवाद एक की तीन, हे ठरवा. काहीच लिहिले नाही तर नमुना कायद्याप्रमाणे ते तीन असतात, आणि लहान रकमेच्या वादात तिघांची फी व तिघांच्या तारखा जुळवणे हा मोठा भार ठरतो. नेमणूक कशी होईल आणि समोरच्याने टाळाटाळ केली तर ती कोण करील, तेही लिहा. लवादी प्रक्रियेचे स्थान आवर्जून नमूद करा. बैठका कोठे भरतात याच्याशी लोक त्याची गल्लत करतात. प्रत्यक्षात कोणत्या देशाचे न्यायालय या प्रक्रियेवर देखरेख ठेवील आणि निवाडा रद्द करण्याचा अर्ज कोठे चालेल, हे त्या स्थानावरून ठरते, बैठका मात्र सोयीच्या दुसऱ्या ठिकाणीही घेता येतात. संस्थेमार्फत प्रक्रिया चालवायची असेल तर तिने दिलेले नमुना कलम शब्दशः घ्या. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे लवाद न्यायालय १९२३ पासून हे काम करत आहे. अशा संस्थांची कलमे अनुभवातून घडलेली असतात, त्यांत आपली भर घालण्याचा मोह टाळावा. तुमच्या कलमाची दुरुस्ती दोन्ही पक्षांच्या सहीने आजही होऊ शकते. वकिलाकडून मसुदा करून घ्या आणि हे या महिन्यातच करा. वाद पेटल्यावर समोरचा एका शब्दालाही संमती देणार नाही.

प्रश्न : समोरची कंपनी नोटिसांना उत्तरच देत नाही. ती हजर झाली नाही तर आपण आपोआप जिंकतो, असे एका व्यापारी मित्राने सांगितले.

उत्तर : मित्राने चुकीचे सांगितले. प्रतिवादीने जबाब दिला नाही तरी प्रक्रिया पुढे चालते, पण त्याचे मौन म्हणजे कबुली नव्हे. तुम्हाला पुराव्याने दावा सिद्ध करावाच लागतो. प्रत्येक नोटीस पोचल्याचा पुरावा जपा, कारण नोटीस मिळालीच नाही ही तक्रार निवाडा रद्द करून घेण्यासाठी हमखास पुढे केली जाते.

प्रश्न : एका सल्लागार कंपनीने ‘आमच्या यादीतला लवाद घ्या, तीस दिवसांत अनुकूल निवाडा मिळवून देऊ’ असे कळवले आहे. विचार करावा का?

उत्तर : अजिबात करू नये. अनुकूल निवाड्याची हमी देणारा माणूस लवादाचा निःपक्षपातीपणाच विकायला काढतो, आणि तसा निवाडा न्यायालयात टिकत नाही. लवादाला आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका येईल अशी प्रत्येक गोष्ट नेमणुकीपूर्वीच उघड करावी लागते. आंतरराष्ट्रीय वकील संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा हितसंबंधांच्या लाल, नारिंगी आणि हिरव्या याद्याच दिल्या आहेत. आक्षेपाचे कारण समजल्यापासून नमुना कायद्याप्रमाणे १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, त्यामुळे शंका आल्या दिवशीच वकिलाला गाठा. वेगच हवा असेल तर त्याचे सरळ मार्ग आहेत : संयुक्त राष्ट्रांच्या याच आयोगाच्या २०२१ च्या जलद लवाद नियमांत एकच लवाद असतो आणि त्याच्या नेमणुकीपासून सहा महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. त्यासाठी दोन्ही पक्षांची संमती लागते.

प्रश्न : करारात लवादाचे कलम असूनही समोरच्याने न्यायालयात दावा लावला. आम्ही काय करावे?

उत्तर : दाव्याच्या मूळ मुद्द्यांवर पहिले निवेदन देण्याआधी, किंवा उशिरात उशिरा ते देतानाच, प्रकरण लवादाकडे पाठवण्याची मागणी करा. जबाब आधीच दाखल केला असेल तर वकिलाकडे आजच जा.

प्रश्न : थकबाकीदार दोन वर्षे ‘चर्चा चालू आहे, घाई नको’ म्हणत आहे. संबंध बिघडू नयेत म्हणून आम्हीही थांबलो आहोत. थांबणे योग्य आहे का?

उत्तर : चर्चा करण्यात काहीच गैर नाही, दावा करण्याच्या कायदेशीर मुदतीकडे पाठ फिरवून चर्चा करणे घातक आहे. वाटाघाटींमुळे मुदत थांबते असे काही देशांचे कायदे मानतात, पण अनेक देशांत ती मोजली जातच राहते. नमुना कायद्यानुसार वाद लवादाकडे नेण्याची मागणी प्रतिवादीला मिळते त्या दिवशी लवादी प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे नोटीस बजावूनही बोलणी चालू ठेवता येतात. तडजोड झाली तर लवाद ती निवाड्याच्या रूपात नोंदवू शकतो, म्हणजे पुढे शब्द फिरवायला जागा उरत नाही. दोन वर्षे आधीच गेली आहेत. थकबाकीच्या तारखा घेऊन याच आठवड्यात सल्ला घ्या.

प्रश्न : निवाडा आमच्या बाजूने लागला, पण प्रतिवादीची मालमत्ता परदेशात आहे. तिथे नव्याने दावा लावावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे १७० हून अधिक देश पक्षकार आहेत आणि तिथली न्यायालये परदेशी निवाड्याची अंमलबजावणी मोजक्या कारणांखेरीज नाकारू शकत नाहीत. पुराव्याची फेरतपासणी ती न्यायालये करत नाहीत. मात्र प्रतिवादीलाही निवाडा हाती पडल्यापासून, नमुना कायद्याप्रमाणे, तीन महिन्यांत तो रद्द करण्यासाठी लवादी प्रक्रियेच्या स्थानी अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवा. मालमत्ता ज्या देशात आहे तिथल्या वकिलाकडे जाताना निवाड्याची आणि लवादाच्या कराराची मूळ किंवा प्रमाणित प्रत, व भाषा वेगळी असल्यास प्रमाणित भाषांतर, बरोबर न्या.