घरातला धंदा लपवला तर चालतं. ‘15 कारागीर’ दाखवले तर?

प्रश्न : मी घरातूनच कापडी पिशव्या शिवून स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. कामाला मी आणि एक मदतनीस. वेबसाइटवर मात्र ‘आमचे 15 कारागीर’, ‘2009 पासून’ आणि एका मोठ्या वर्कशॉपचा विकत घेतलेला फोटो आहे. पैशांच्या मेलखाली मी ‘हिशेब विभाग’ म्हणून वेगळ्याच नावाने सही करते. एका कंपनीने 400 पिशव्यांची ऑर्डर देऊन निम्मे पैसे आगाऊ दिले. 250 पिशव्या वेळेत पोचल्या, बाकीच्या रखडल्या. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : फसवणूक झाली, सगळा अ‍ॅडव्हान्स परत करा, नाहीतर फौजदारी करू. वेबसाइट लगेच बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. आधी प्रत्येक पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेल जसेच्या तसे राहू द्या, आणि मगच चुकीचा मजकूर दुरुस्त करा. समोरच्यांनी स्क्रीनशॉट केव्हाच काढून ठेवले असणार. नोटीस आल्याबरोबर साइट गायब झाली, तर पुरावा दडवला असा अर्थ निघतो.

त्यांना कळलं कसं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो पोर्टलवर टाकला की नोंदणीची तारीख, पत्ता आणि ‘प्रोप्रायटरशिप’ (म्हणजे एकाच मालकाचा धंदा) असल्याचं कुणालाही दिसतं.

आता मुद्द्याचं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 नुसार नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे. बोलणं कर्तव्यच असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. म्हणजे घरातून काम करता हे ग्राहकाला आपणहून सांगायची सक्ती नाही. एकटीच मालकीण असून ‘आम्ही’ लिहिलंत तरी हरकत नाही. ‘उत्तम दर्जा’ ही फुशारकी. तिच्यावर कोर्ट वेळ घालवत नाही. पण 15 कारागीर हा आकडा आहे, खरा किंवा खोटा. फोटोचंही तेच. ‘2009 पासून’चं काय ते 2009 मध्ये नेमकं काय सुरू झालं त्यावर अवलंबून. तेव्हा तुम्ही शिवणकाम शिकलात आणि धंदा नंतर काढलात, तर तसंच लिहा. हिशेब विभागातली ती व्यक्ती मात्र आजच सेवानिवृत्त करा. उद्या कोर्टाने तिला साक्षीला बोलावलं तर कुणाला उभं करणार?

तरीही खोटं बोललात म्हणजे करार आपोआप कोसळला असं नसतं. कलम 19 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्या खोट्यामुळेच समोरच्याने होकार दिलेला असावा लागतो. म्हणून ऑर्डरच्या आधीचे मेल काढून बसा. ‘एवढा माल वेळेत होईल ना?’ असं त्यांनी विचारलं होतं आणि तुम्ही ‘15 जण आहेत, काळजी नको’ असं कळवलं होतं, तर ती तुमची सर्वांत दुबळी बाजू. नमुना पाहून, दर ठरवून ऑर्डर दिली असेल, तर बाजू बरीच सावरते.

सगळा अ‍ॅडव्हान्स परत, ही मागणी मला फाजील वाटते. करार रद्द करणाऱ्याने मिळालेला लाभ परत करायचा असतो, हे कलम 64 सांगतं. पिशव्या वापरायच्या आणि पैसेही मागायचे, हे जमत नाही. सरळ हिशेब मांडा : त्यांनी पैसे दिले 200 पिशव्यांचे, पोचल्या 250. शिवाय खरी परिस्थिती कळल्यावरही त्यांनी माल उतरवून घेतला असेल, तर करार त्यांनी कायम ठेवला असं म्हणता येईल. त्या तारखा शोधा. उशिरामुळे झालेलं नुकसान ते मागू शकतात, पण ते त्यांनाच सिद्ध करावं लागेल.

फौजदारीची धमकी अशा नोटिशीत असतेच. पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. तिथे व्यवहाराच्या सुरुवातीलाच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं. अ‍ॅडव्हान्समधून कापड घेतल्याची बिलं आणि 250 पिशव्यांच्या पोचपावत्या त्याविरुद्ध बोलतात. त्या जपा.

ही झाली कंपनीची बाजू. किरकोळ ग्राहकांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. भ्रामक जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकतं. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे स्वतःच्या साइटवरून नियमित विक्री करणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती दाखवायची असते. तो अधिकारी तुम्ही स्वतःच होऊ शकता. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची. ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच अभिप्राय टाकायलाही मनाई आहे. घरचा पत्ता जगजाहीर नको असेल, तर रीतसर करारनाम्याने व्यवसायाचा पत्ता घ्या आणि तो जीएसटीत नोंदवा. फक्त त्याला ‘आमचा कारखाना’ म्हणू नका. लेटरहेडवर कुठे ‘प्रा. लि.’ छापलेलं नाही ना, तेही पाहा. कंपनी नसताना तसं लिहिलं, तर कंपनी कायद्याच्या कलम 453 खाली दिवसाला 500 ते 2,000 रुपये दंड आहे.

नोटिशीचं उत्तर दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत, ‘हक्कांना बाध न येता’ (म्हणजे या उत्तरामुळे तुमचे हक्क सोडले असं होत नाही) या शेऱ्यासह पाठवा. 15 कारागिरांचा मुद्दा नाकारू नका. करार दर आणि नमुन्यावर झाला असेल, तर त्यावर भर द्या. उरलेल्या 150 पिशव्या ठरावीक तारखेला देण्याची किंवा तेवढी ऑर्डर रद्द करण्याची तयारी लेखी दाखवा. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं तुमच्या स्वतःच्या मालमत्तेवर येतं, त्यामुळे हे प्रकरण वाटाघाटीत मिटलेलं बरं. वकिलाकडे जाताना ऑर्डरचे मेल, बिलं, पोचपावत्या आणि ते स्क्रीनशॉट घेऊन जा.