लिबियात इटलीविरुद्ध लढणारे उमर मुख्तार इतकी वर्षं इटलीला सापडले नाहीत, मग १९३१ मध्येच कसे पकडले गेले?

कारण इटलीने त्यांचा पाठलाग करण्यापेक्षा त्यांची रसद तोडली.

मुख्तार मूळचे सनुसी या मुस्लिम पंथाच्या मठात कुराण शिकवणारे. १९११ मध्ये इटलीने लिबियावर हल्ला केला तेव्हाच त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. १९२३ पासून पूर्वेकडच्या जबल अखदरच्या डोंगराळ भागात लढ्याची सूत्रं त्यांच्याकडे आली. टोळीवार छोटी घोडेस्वार पथकं, अचानक छापा, लगेच पसार. धान्य, पैसा, बातम्या आणि नवी माणसं पुरवायचे ते वरकरणी शरण गेलेले गावकरी आणि धनगर. बंदुका-काडतुसं इजिप्तच्या हद्दीतून यायची.

इटलीचा जनरल ग्रात्सियानी याने नेमकं हेच ओळखलं. १९३० मध्ये सुमारे एक लाख माणसं गुराढोरांसकट हुसकून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत कोंबली. भूक आणि रोगराईने तिथे हजारो मेले. या लढ्याची खरी किंमत त्यांनी मोजली, हे विसरू नये. १९३१ मध्ये वाळवंटातलं कुफ्रा हे सनुसींचं ठाणं इटलीच्या हाती पडलं. मग समुद्रापासून वाळवंटातल्या जगबूबपर्यंत इजिप्तच्या सीमेवर सुमारे २७० किमी तारेचं कुंपण उभं राहिलं. पथकं उपाशी पडली, काडतुसं संपत आली.

११ सप्टेंबर १९३१ रोजी स्लोंटाजवळच्या चकमकीत घोडा कोसळला आणि सत्तरीतले मुख्तार हाती लागले. १५ तारखेला बेनगाझीत नावापुरता खटला चालला आणि १६ तारखेला सुलूकच्या छावणीत, कैद्यांना समोर उभं करून, त्यांना फाशी दिली.