महासंकटाच्या तयारीसाठी धान्य भरून ठेवावं का?

खानापूरकडच्या एका भावाने विचारलंय: महासंकटाआधी, म्हणजे ख्रिस्त परत येण्यापूर्वीच्या मोठ्या छळाच्या काळाआधी, विश्वासणारे स्वर्गात उचलले जातील, की त्यातून जावं लागेल? आणि घरात तांदूळ-डाळ भरून ठेवावी का?

ख्रिस्ती मंडळ्यांचं (चर्चचं) यावर एकमत नाही. आधी उचललं जाण्याची शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकामुळे पसरली. कॅथलिक मंडळी मात्र अखेरच्या कसोटीतून जावंच लागेल, असं मानते. मला हे दुसरं मत पटतं, कारण बायबलमधल्या मत्तय २४ मध्ये निवडलेल्यांना गोळा करण्याची गोष्ट संकटानंतर येते.

तारीख सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येईल म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस नेहमीसारखाच मावळला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कृपा करून जमीन विकू नका!

पावसाळ्याची बेगमी आपण करतोच, तेवढी ठेवा. पण मत्तय २५ मध्ये विचारणा होते ती भुकेल्याला काय दिलं याची. २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात कितीतरी घरं पाण्यात गेली. अशा वेळी कुणाचं दार ठोठवायचं, आपल्या दारी कोण येईल, हे शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा. आणि बांधावरून अबोला धरलेल्या भावाकडे या रविवारीच जा.