बीपीची गोळी चालू झाल्यापासून ताठरता येत नाही, म्हणून गोळी बंद केली, बरोबर केलं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वय ४४, मागच्या दिवाळीत बीपी १६०/१०० निघालं, डॉक्टरांनी गोळी चालू केली, दोन-तीन महिन्यांनी ताठरता कमी झाल्यासारखं वाटायला लागलं म्हणून गोळी सोडून दिली, आणि आता मित्र म्हणतेत की हे सगळं त्या गोळीनंच झालंय, ते खरं का? सगळ्यात आधी, उद्याच कुठंही जाऊन बीपी मोजून घ्या आणि ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना भेटून सांगा की मी ती बंद केलीय. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमचा प्रश्न आमच्या काउंटरवर सारखा येतो, फक्त एवढ्या सरळ शब्दांत कुणी विचारत नाही. "अंगात दम राहिला नाही", "कमजोरी आल्यासारखं झालंय", "काही ताकदीचं असलं तर द्या" असं काहीतरी म्हणतेत आणि दुसरं गिऱ्हाईक आलं की गप्प होतेत. तुम्ही उघड विचारलंत ते फार बरं केलंत.

आता मुद्द्याचं. बहुतेक वेळा दोष गोळीचा कमी आणि बीपीचा जास्त असतो. ताठरता येणं म्हणजे लिंगात रक्त भरणं आणि ते तिथं थोडा वेळ टिकणं, एवढंच आहे ते. त्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडून फुगाव्या लागतेत, आणि त्यांना सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्याच मज्जातंतूंच्या टोकांत आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात तयार होतो. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की हे अस्तर खराब होतं, वायू कमी तयार होतो, रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतेत. आणि बीपी दिवाळीत निघालं म्हणजे दिवाळीत सुरू झालं असं नाही, त्याला काही दुखत-खुपत नाही त्यामुळं आधी दोन-चार वर्षं ते आत काम करत असू शकतं. गोळी चालू व्हायला आणि त्रास जाणवायला एकच गाठ पडते, म्हणून सगळं खापर गोळीवर फुटतं.

इथं एक गोष्ट नीट वाचा. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या असतेत, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. शेतात ठिबक असलं तर तुम्हाला माहीत असेल, क्षार साचायला लागले की मेन लाइनला काही कळत नाही, आधी बारीक ड्रिपर बंद पडतेत. तसंच हे आहे, त्यामुळं पुष्कळ पुरुषांमध्ये ताठरतेची तक्रार आधी येते आणि हृदयाचा त्रास त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणून चाळिशीत बीपी आणि ही तक्रार दोन्ही सोबत असतील तर शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करूनच घ्या. शुगर तर नक्की, कारण आमच्याकडं बीपीच्या जोडीला शुगर फार निघते आणि ती रक्तवाहिन्यांसोबत मज्जातंतूही खराब करते. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का हेही बघून ठेवा, डॉक्टर विचारतील. ती नीट येत असली तर शरीराची यंत्रणा चालू आहे आणि टेन्शनचा भाग मोठा आहे असं समजायला जागा असते.

गोळीचा दोष कधीच नसतो असं मात्र मी म्हणत नाही. काही गोळ्यांनी हा त्रास होतो आणि ते दडवून ठेवायचं काही कारण नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या जुन्या बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन या गोळ्यांची अशी तक्रार येते. स्पायरोनोलॅक्टोननं इच्छा कमी होते आणि कधीकधी पुरुषांची छाती दुखते, वाढते. उलट टेल्मिसार्टन, लोसार्टन, वल्सार्टन या गटात आणि ॲम्लोडिपिनमध्ये हा त्रास सहसा नसतो, बीटा ब्लॉकरच लागत असला तर नेबिवोलॉल त्यातल्या त्यात बरी कारण ती तोच नायट्रिक ऑक्साइड वाढवते. तुमची कोणती आहे ते स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ब्रँडच्या नावापुढं नुसता एच असला तर बहुतेक हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेली असते, सीटी असलं तर क्लोरथॅलिडोन, एएम असलं तर ॲम्लोडिपिन. लोक वर्षानुवर्षं पांढरी गोळी, पिवळी गोळी म्हणून घेत राहतेत, पण आपल्या पोटात काय जातंय त्याचं नाव माहीत असलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे गोळी बदलता येते. पण बदलणार डॉक्टर. बीटा ब्लॉकर तर एका झटक्यात सोडायचीच नसते, धडधड वाढते, बीपी उसळतं, हृदयाचा त्रास आधीच असला तर अटॅकपर्यंत जाऊ शकतं. ती हळूहळू कमी करतेत.

मनाचा भाग पण लहान नाही बरं का. इटलीतल्या डॉक्टरांचा २००३ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात हृदयाचा आजार नुकताच निघालेल्या ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल दिली. ज्यांना कोणती गोळी आहे तेच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ताठरतेची तक्रार साधारण ३ टक्के लोकांनी केली, ज्यांना गोळीचं नाव सांगितलं त्यांच्यात १५ टक्क्यांच्या वर, आणि ज्यांना नावासोबत असा त्रास होऊ शकतो हेही सांगितलं त्यांच्यात ३१ टक्क्यांनी. गोळी तीच होती. त्यामुळं पारावर बसून मित्र जे सांगायलेत ते डोक्यातून काढा, ते ऐकून ऐकूनच माणूस अर्धा गळतो.

आता ज्यासाठी मी मुद्दाम एवढं टाइप करायलोय ते. मोंढ्यातले एक काका आहेत, साठीच्या पुढचे. एकदा रात्री शटर अर्धं ओढलं तेव्हा आले, आधी बामची डबी घेतली, मग खोकल्याचं औषध, मग पैसे देताना खाली वाकून हळूच म्हणाले, "ती निळी गोळी एक दे रे". ते दर महिन्याला हृदयाच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतेत, त्यात नायट्रेट, म्हणजे छातीत दुखू नये म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, आहे हे मला माहीत होतं. मी नाही म्हणलं तर चिडले, म्हणले पैसे देतो ना. मग त्यांचीच स्ट्रिप कपाटातून काढून काउंटरवर ठेवली आणि समजावून सांगितलं की ही आणि ती निळी, दोन्ही एकाच रस्त्यानं रक्तवाहिन्या सैल करतेत, दोन्ही एकदम पोटात गेल्या तर बीपी इतकं खाली जातं की माणूस जागेवर कोसळतो, जीव पण जातो. काका गप्प झाले, मग म्हणले, "म्हणजे आमचं संपलंच का?" संपलं नाही काका, म्हणलं, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना हेच विचारा, नायट्रेटच्या जागी दुसरं काही चालतं का ते त्यांनाच ठरवता येतं.

तर सिल्डेनाफिल (तीच निळी गोळी), टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या बीपीच्या माणसाला चालत नाहीत हा गैरसमज आहे. बीपी आटोक्यात असलं आणि डॉक्टरांनी तपासून लिहून दिली तर बहुतेकांना चालते. सिल्डेनाफिल तर मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते आणि हा दुसराच गुण सापडला, १९९८ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. पण सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट चालू असलं तर अजिबात नाही. आणि गोळी घेतल्यावर छातीत कळ आली तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नका, सरळ दवाखान्यात जा आणि लाज सोडून सांगा की मी ही गोळी घेतलीय, कारण सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असली तर तेही सांगा, त्यानंही बीपी उतरतं.

बसस्टँडवर, आठवडी बाजारात तंबूत बसून विकतेत त्या 'जडीबुटी'च्या कॅप्सूलला हातही लावू नका. अशा मालात चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं जगभर सापडलंय, किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण आयुर्वेदिक घ्यायलोत.

संबंध ठेवले तर बीपी वाढून काही होईल का, ही भीती पण तुमच्या लिहिण्यात दिसली. न थांबता दोन मजले चढून दम लागत नाही, छातीत दुखत नाही, तर सहसा अडचण नसते. बीपी १८०/११० च्या वर असलं तर मात्र आधी ते उतरवा, तोवर थांबा.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण आपल्याकडं चुना मळूनच दिवस सुरू होतो म्हणून विचारतो, खाता का? निकोटिननं त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतेत. गुटखा, पुडी, बिडी सगळं आलं त्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतेत, म्हणजे एक छोटा चमचा, आणि ठेचा, लोणचं, पापड, शेव यातच ते संपून जातं. पोट सुटलेलं असलं तर ते कमी करा, रोज अर्धा-पाऊण तास जोरात चाला. वजन उतरवून आणि चालून ताठरता परत आलेले लोक आहेत, मनाचं समाधान म्हणून सांगत नाही.

वहिनींना वाटतंय की तुमचं मन दुसरीकडं आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे रक्तवाहिन्यांचं सांगाच. आणि त्यांचंही बीपी मोजून घ्या, बायकांनाही बीपीमुळं कोरडेपणा येतो, इच्छा कमी होते, दुखतं, फक्त त्या कुणाजवळ बोलत नाहीत आणि त्यांना कुणी विचारतही नाही. ज्यांना अजून मूल हवंय त्या बाईला टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटातली गोळी चालू असली तर आधीच डॉक्टरांना सांगावं, गरोदरपणात ती चालत नाही.

डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसलं तर चिठ्ठीवर लिहून न्या: गोळीचं नाव, कधी चालू केली, कधी बंद केली, त्रास कधीपासून, पहाटे ताठरता येते का, तंबाखू किती. ती चिठ्ठी नुसती पुढं सरकवली तरी पुरतं, डॉक्टर पुढचं विचारतेत. पैशाची अडचण असली तर सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर तपासून गोळ्या फुकट मिळतेत, तिथंही गोळी बदलून मागता येते.

तुमच्या स्ट्रिपच्या मागचं नाव इथं खाली लिहा, कोणत्या गटातली आहे ते मी सांगतो, म्हणजे डॉक्टरांकडं जाताना नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.