उताऱ्याची वही तुमच्याच हातात आहे, ताई

प्रश्न : ताई नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावातली, वय 38. बी.कॉम. झालं, लग्न झालं आणि इथल्याच एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) हिशेबाला लागले, त्याला आता 13 वर्षं झाले. काट्याची पावती, उताऱ्याची वही (किती कापसातून किती रुई निघाली त्याची), गाठींचा स्टॉक, बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट, सगळं मीच पाहते. दोन वर्षांआधी मालकानं एक एमबीए झालेला मुलगा मॅनेजर म्हणून आणला, माझ्यापेक्षा 11 वर्षांनी लहान. बँकेचे साहेब सीसी लिमिटच्या (मालावर मिळणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) रिन्यूअलला येतात तेव्हा आकडे माझे असतात, पण केबिनमध्ये तो बसते आणि मले म्हणतात, जरा चहाचं पाहा. पगार तीन वर्षांपासून तिथंच हाय. मुलगी चौथीत, मुलगा चार वर्षांचा. मिस्टर झेडपीचे मास्तर, शाळा दुसऱ्या तालुक्यात, सकाळी सातला निघतात. मागच्या महिन्यात मोबाइलवर एक फॉर्म भरला तं आता रोज फोन येऊन रायले. एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम आहे, ऑनलाइन, शनिवार-रविवार, मोठ्या संस्थेचं सर्टिफिकेट, फी 1,80,000, ईएमआय करून देतो, सीट दोनच राहिल्या. सासूबाई म्हणतात, आता शिकून काय कलेक्टर होतं का वं? मले कलेक्टर नाही व्हायचं ताई, मले त्या केबिनमध्ये बसायचं हाय. घेऊ का हा कोर्स?

उत्तर : ताई, पहिले त्या फोनवाल्यांना सांगून टाका की आत्ता मी काही घेत नाही, आणि पैसे भरायची लिंक आली तर उघडूही नका. सीट संपल्या तर संपू द्या, पुढची बॅच निघतेच.

तुम्हाला शिकायचंय हे एकदम बरोबर आहे, त्यात मला जराही शंका नाही. 38 म्हणजे अजून वीस वर्षं काम करायचंय तुम्हाला, आणि ती वीस वर्षं चहा सांगण्यात घालवायची नाहीत. फक्त कोणतं शिक्षण, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या पैशानं, एवढंच ठरवायचं आहे.

तर एक्झिक्युटिव्ह या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे आधी लक्षात घ्या. एक म्हणजे पदवी, एमबीए. दुसरी म्हणजे सर्टिफिकेट, सहा महिन्यांचं, वर्षभराचं. सर्टिफिकेट चांगल्या संस्थेचं असू शकतं, त्यात शिकवणारेही चांगले असू शकतात, पण ते एमबीए नाही, आणि उद्या कोणी जाहिरातीत "एमबीए पाहिजे" असं लिहिलं तर ते तिथं चालत नाही. शिवाय मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी नसतो, अशा सर्टिफिकेट प्रोग्रॅमवर 18 टक्के लागतो. म्हणजे तुम्हाला सांगितलेली 1,80,000 ही फी जीएसटी सोडून असेल तर ती 2,12,400 होते, हे त्यांना फोनवर सरळ विचारा. आणि ईएमआय म्हणजे संस्था तुम्हाला उधारी देत नाही, एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर उचललं जातं, संस्थेला पैसे एकदम मिळतात आणि तुम्ही तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ता कापतच राहतो. लहान लेकरं असलेल्या घरात कोर्स मधेच सुटणं फार सहज होतं, म्हणून हे मी जोर देऊन सांगतेय.

मी स्वतः 36व्या वर्षी दूरशिक्षणातून एमबीए केलं. एका पतसंस्थेत होते, मुलगा पाच वर्षांचा, रात्री लाइट गेली की गच्चीवर मोबाइलच्या उजेडात वाचायचं कारण खाली रेंजही यायची नाही. पहिल्या वर्षी दोन पेपर राहिले. एकाच्या दिवशी मुलाला कांजण्या होत्या, मी गेलेच नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही, पेपर पुढच्या खेपेला दिला. पण एक गोष्ट मात्र मनाला लागली. पास झाल्यावर मी मार्कशीट नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि वाट पाहत बसले. दीड वर्ष काहीच झालं नाही. मग एकदा थकीत कर्जांची यादी मी रकमेप्रमाणे न लावता, किती दिवसांपासून थकली त्याप्रमाणे लावून दाखवली, कोणाकडे आज गेलं तर पैसा येईल आणि कोणाकडे उशीर झालाय ते खाली लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा मला मीटिंगला बोलावलं. ती यादी लावायला मला त्या अभ्यासानंच शिकवलं होतं. मार्कशीट कोणी वाचली नाही, यादी सगळ्यांनी वाचली.

आता तुमची उताऱ्याची वही काढा. 100 क्विंटल कापूस आला, उतारा 34 टक्के पडला, तर 34 क्विंटल रुई, 170 किलोच्या बरोबर 20 गाठी. हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण समजा सीझनला 20,000 क्विंटल कापूस आला आणि उतारा अर्धा टक्का खाली आला, तर 100 क्विंटल रुई कमी, म्हणजे 58-59 गाठी कुठं गेल्या? ओलावा होता का, कचरा होता का, कोणत्या गावाचा, कोणत्या व्यापाऱ्याचा माल होता, कोणत्या आठवड्यात मशीन नीट चालत नव्हती? तुमच्या वहीत तारीख आहे, गाडी नंबर आहे, वजन आहे, सगळं आहे. त्या एमबीए मुलाकडे हे नाही, त्याला ते तुमच्याकडूनच घ्यावं लागतं. तसंच गोडाऊनमध्ये पडलेल्या गाठींचं. सीसीवर 10 टक्के व्याज धरा, एक लाखाचा माल महिनाभर पडून राहिला की 830 रुपयांच्या वर व्याज चढतं, मग भाव वाढेल म्हणून थांबायचं तर किती दिवस परवडतं हा हिशेब कोणी मालकाला लिहून दिलाय का? बँकेचा साहेब केबिनमध्ये बसून याच गोष्टी विचारत असतो ताई. तुम्ही आकडा देता, त्याचा अर्थ दुसरा कोणीतरी सांगतो, आणि खुर्ची अर्थ सांगणाऱ्याला मिळते. तुम्हाला शिकायचंय ते हे, कॉस्टिंग, वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळतं भांडवल, आणि चार लोकांसमोर ते मांडणं.

म्हणून माझं मत असं, सुरुवात फुकटातून करा. केंद्र सरकारचं स्वयम नावाचं पोर्टल 2017 पासून चालू आहे, त्यावरच्या मॅनेजमेंटच्या कोर्सेसचं काम आयआयएम बेंगळुरूकडे आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच फी. अकाउंटिंग किंवा ऑपरेशन्सचा एक कोर्स घ्या, इंग्रजीत आहे, पहिले दोन आठवडे जड जाईल, थांबवून थांबवून ऐका. आणि प्रत्येक धडा झाला की तुमच्याच जिनिंगच्या आकड्यांवर करून पाहा. हा एक कोर्स पुरा झाला तर तुम्हालाच कळेल की घरातून आठवड्याला किती तास खरंच निघतात.

ते निघाले की मग पदवी. तुमच्या जागी मी असते तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, एमबीए घेतलं असतं. प्रवेश परीक्षा नाही, पदवीला 50 टक्के लागतात, आरक्षित वर्गाला 45, प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे, कोर्स दोन वर्षांचा पण पुरा करायला चार वर्षं मिळतात, आणि सगळी फी मिळून लाखाच्या बरीच खाली. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2022 मध्येच स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. दुसरं कोणतं विद्यापीठ मनात असलं तर त्याचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का ते आधी पाहा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

महिन्याचं मात्र नीट पाहा. इग्नूची परीक्षा जूनला आणि डिसेंबरला असते, आणि डिसेंबरमध्ये तुमच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. जुलैच्या सत्राला प्रवेश घ्या, पावसाळ्यात जिनिंग शांत असतं तेव्हा वाचन आणि असाइनमेंट उरका, डिसेंबरला दोन-तीनच पेपरचा फॉर्म भरा, बाकीचे जूनला. तीन-साडेतीन वर्षं लागली तरी चालतील.

आयआयएम आपल्या नागपुरातच मिहानमध्ये आहे, तुमच्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर, तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी छोटे प्रोग्रॅम होतात. पण ते स्वतःच्या खिशातून नका करू. ती गोष्ट मालकाकडून मागायची आहे, आणि मागायला हातात काहीतरी पाहिजे, त्याचं खाली सांगते.

घरचं. मिस्टरांना "मला मदत करा" असं म्हणू नका, मदत म्हटलं की ती त्यांच्या सवडीनं होते. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सात ते नऊ दोन्ही लेकरं तुमची, जेवणासकट, असं वार आणि वेळ ठरवून सांगा. ते मास्तर आहेत, वेळापत्रक त्यांना पटेल. मुलगी चौथीत आहे ना, तिचा अभ्यास आणि तुमचा एकाच टेबलावर होऊ शकतो, माझ्याकडे तसंच चालायचं, मुलगा पाढे म्हणायचा आणि मी लेजर लावायची. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर कापूस वेचला असेल तर एखाद्या दिवशी त्यांना ती उताऱ्याची वही घेऊन बसवा आणि विचारा, आई, फरदडीच्या (सीझन संपल्यावरही शेतात ठेवलेल्या झाडांच्या) कापसाचा उतारा कमी काऊन पडते? त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि तुम्ही नेमकं काय शिकताय हेही त्यांना समजेल.

आणि आता पहिलं काम. पुढचं रिन्यूअल यायच्या महिनाभर आधी मागच्या तीन सीझनचा उतारा महिन्याप्रमाणे एका पानावर काढा, एकाच पानावर, खाली तीन ओळीत तुमचं म्हणणं लिहा, आणि मॅनेजरच्या हातून न पाठवता मालकाला स्वतः नेऊन द्या. देताना एवढंच म्हणा, बँकेचे साहेब यावर विचारतील, मी बसते सोबत. तेव्हाच नागपूरच्या प्रोग्रॅमचंही बोलून घ्या. पान झालं की गाडी नंबर आणि नावं झाकून मला पाठवा, मी पाहून देते.